लिक्कायाचा उतार

"घोडे चिकटून उभे करू नका म्हणतेय मी! मधनं पाणी जाऊ द्या!"

"आणि त्या फटीतनं माझी माणसंही जाऊ द्या? वा गं म्हातारे! शंभर नद्या ओलांडल्यात आम्ही, याच रीतीनं."

"तुमच्या नद्या खडकावरनं वाहत असतील. ही सावस आहे. हिच्या पोटात नुसती वाळू न् गोटे. एवढ्या खुरांनी तळ उकरला, की संपलं!"

शतनायक नोनियस हसला. पण राहुटीत गारवा असूनही त्यानं कपाळ दोनदा पुसलं.

रोमन पलटणीची रीत लिक्कायाला ठाऊक होती. प्रवाहाच्या वरच्या अंगाला घोडेस्वारांची भिंत, पाण्याचा जोर मोडायला. खालच्या अंगाला दुसरी रांग, वाहून जाणाऱ्यांना धरायला. दहा वर्षांपूर्वी अशाच एका भिंतीखालचा तळ सरकला होता. तिचा नवरा स्केनस शेवटच्या घोड्याची आयाळ धरून होता. घोडा निघाला बाहेर. स्केनस नाही.

पायी नदी ओलांडायचा हा उतार तिच्या बापाचा, मग नवऱ्याचा, आता तिचा. दर वसंतात बर्फाचं पाणी ओसरलं, की ती अनवाणी नदीत शिरायची, तळव्यांनी गोटे चाचपायची आणि वाट सापडेल तसे वाळुंजाच्या फांद्यांचे खुंट ठोकत जायची. डुकरांचे कळप, नवरीची गाडी, बाळंतीण, मढं, सगळे तिच्या मागून पलीकडे गेले. कुणी भाकर दिली, कुणी चीज. 'तिच्या तळव्यांना डोळे आहेत,' असं गाव म्हणायचं. आज कोरड्या जमिनीवर तेच तळवे बर्फागत गार पडले होते.

"ऐक," नोनियस जवळ सरकला. त्याचा आवाज उतरला. "सकाळी देवाला बळी द्यायचा बैल पाणी बघून माघारी पळाला. अपशकुन मानून तेव्हापासून एकही शिपाई पाय पुढं टाकत नाही. तू बाहेर ये, सगळ्यांदेखत एकदा म्हण, 'तळ पक्का आहे.' तुझ्यावर विश्वास ठेवतील ते."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर पहिला दोर घेऊन तुझा पोरगा डाझास उतरेल. काठावर बांधून ठेवलाय."

"आणि म्हटलं तर?"

"पोरगा मोकळा. घरी जा, जवाची लापशी खा दोघं."

"घोडे मात्र तसेच चिकटून?"

"हुकूम वरचा आहे. माझ्या हातात काय आहे!"

हो म्हटलं तर हजार पोरं त्या वाळूवर उतरणार. नाही म्हटलं तर एकच, पण तिचा.

"आई आहे का रे तुला, बाबा?"

"होती. तिनं पोहायला तेवढं शिकवलं नाही." तो पुन्हा हसायला गेला; जमलं नाही. "मलाही उतरायचंय गं त्या पाण्यात. म्हणून विचारतो. खरं सांग, टिकेल तळ? हो का नाही?"

लिक्कायानं पायातले जोडे काढले, बाजूला ठेवले. राहुटीचा पडदा सारून ती बाहेर पडली. काठावर शिपाई दाटीनं उभे होते. तिला बघताच त्यांनी वाट करून दिली. डाझासच्या कमरेला दोर होता, ओठ निळे पडले होते.

"म्हातारे!" मागून नोनियस ओरडला. "हो का नाही?"

ती वळली नाही. दोराच्या पुढच्या टोकाकडे, डाझासच्याही पुढच्या जागेकडे, पाण्यात पहिले तळवे आपले टेकवायला ती चालत राहिली.