गुरचरणीचं कडवं

बारकूमावशी गेली हे मला बॅनरवरून कळलं. ठाकुर्ली स्टेशनबाहेर भावपूर्ण श्रद्धांजली. कोपऱ्यात मावशीचा फोटो आणि मधोमध हात जोडलेले आमचे पुढारी भाऊ. आधी रडू आलं… आणि लगेच डोक्यात किडा वळवळला. ह्या माणसाला एवढी घाई कसली? जिने आयुष्यभर भर मांडवात ह्याची लाज काढली, तिच्यासाठी ह्याच्या डोळ्यांत पाणी? नक्कीच काहीतरी शिजत होतं.

मावशी धवलारीण होती. आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी बाई. मान भटजीच्या बरोबरीचा. मी बँकेत लागले तेव्हा काही वर्षं तिच्या चाळीत भाड्याने राहिलेले. कितीतरी दिवस तिला वाटायचं, मी बिल्डरची माणूस. "एकटी बाई, रोज पेपर वाचतेस, कोनाची गो तू?" असं तोंडावर विचारलेलं तिने. तरी गाणं ऐकायला मला हटकून न्यायची. हळदीला थट्टेची गाणी म्हणतात, व्याह्यापासून वरमाईपर्यंत सगळ्यांची टर उडवतात आणि कोणी रागवायचं नाही असा रिवाज. मावशीने त्यातच गावाचं दुखणं घुसवलं. गुरं चरायची सामाईक जमीन, ती गुरचरण, भाऊंनी कुंपण घालून हळूच गिळली. तेव्हापासून भाऊ पाहुणे म्हणून आले की मावशी ठेका बदलायची…

मांडवाचे दारी कोन गो बसला,
गुरचरन गिलून गालात हसला…

नाव घ्यायची नाही. नुसती मान वळवून बघायची, आणि तिच्यामागे सगळ्या बाया. मांडव हसून लोळायचा. भाऊही हसायचे, सगळ्यांत मोठ्याने. मला ते हसणं कधी पटलं नाही.

एकदा मी तिला पेपरातलं वाचून दाखवलं. परदेशात चित्रकार भिंती रंगवून सरकारला जाब विचारतात, कुठे बायका भर चौकात नाचून आपलं म्हणणं मांडतात. मावशीने डोळे बारीक केले. "आनि पोलीस नुसते बघत बसतान? मना तं खरा नाय वाटत." मग म्हणाली, "मना मांडवातून कोन उठवील? धवलारीन उठली का लगीन थांबला." मी रेकॉर्ड करायला फोन काढला की खेकसायची, "ठेव तो! उंद्या माझाच आवाज मनाच इकशील."

तेरावं व्हायच्या आधीच भाऊ मावशीच्या घरी हजर. मीही तिथेच होते. सोबत भलामोठा नकाशा. मावशीच्या नावाने लोककला भवन. जागा कुठली? गुरचरण! "मावशींचं नाव कायमचं राहील," म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्ही बँक सांभाळून पेपरच्या पुरवणीत लिहिता ना, एक छान लेख येऊ द्या." घ्या! म्हणजे माझं रडणंही कामाला लावलेलं. एकदा का तिचं नाव दारावर लागलं, की त्या जमिनीबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. काढला तर मावशीचाच अपमान. तिचा मुलगा हरेश मात्र भारावून गेलेला. "आयचं नाव लागतंय ना पन…" म्हणत मान डोलवायला लागला. मला त्याचा असा राग आला!

तेवढ्यात त्याची बायको भारती पुढे आली. सासूसमोर कधी गाण्यासाठी तोंड न उघडलेली पोर, तिने भाऊंकडे सरळ बघत तेच कडवं म्हटलं. सुतकाच्या घरात लग्नाचं गाणं! आवाज चिरका, सूर चुकलेला. भाऊ सवयीने हसले. बाकी कोणीच हसलं नाही. बायांनी नुसती मान वळवून भाऊंकडे बघितलं.

हरेशने नकाशा गुंडाळून भाऊंच्या हातात दिला.

भाऊ परत येतील, दुसरा नकाशा घेऊन. हरेश तेव्हाही असाच वागेल याची मला खात्री नाही, आणि ही पुरवणी हे कडवं छापेल याचीही नाही. छापलंच, तर वाचकांनी पाठ करून ठेवावं… आणि भाऊ, तुम्ही लेख मागितला होतात ना? हा घ्या.