वहिनीची हलकी करवत

माझी वहिनी झाडावर चढून फांद्या कापते आणि मी खाली तिचा दोर धरते. भावजयीचा जीव नणंदेच्या हातात, असं म्हणून लोक हसतात. आम्हीही हसतो. पण तिचे पाय जमिनीवरून उचलले की माझ्या तोंडाला जी कोरड पडते, ती वहिनी खाली येईपर्यंत जात नाही.

आधी हे काम दादा करायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. तेव्हा दोर वहिनीच्या हातात असायचा आणि मी खाली पडलेल्या फांद्या ओढून रचायची. दादाकडे पेट्रोलवर चालणारी छोटी चेनसॉ होती, फिरत्या चेनची करवत, वरून मूठ असलेली. झाडावर चढून काम करणारे तीच वापरतात. अंगालगत राहते, पानांत अडकत नाही. पण ती हलकी असते, आणि घात तिथंच होतो. माणसाला वाटतं, एका हाताने उरकेल. दादाला त्या दिवशी तसंच वाटलं. डाव्या हाताने त्याने फांदी धरली, उजव्या हातातली करवत पुढे केली. चेन ज्यावर फिरते त्या पट्टीचं टोक कशाला तरी टेकलं, करवत उसळली आणि डाव्या हाताच्या कोपराखाली उतरली.

वहिनीने त्याला दोरावर खाली घेतलं. मी ते पाहिलंय. वरून तिच्या पदरावर, खांद्यावर, केसांवर रक्त ठिबकत होतं, आणि ती जराही घाई न करता, दोराला धक्का न देता त्याला उतरवत होती. तो जमिनीला लागल्यावर मात्र तिने जो हंबरडा फोडला, तो अजून माझ्या कानात आहे.

दादा वाचला. हात राहिला, पण बोटं मिटेनात. कपातला चहासुद्धा सांडायचा. वर चढणं संपलं.

मग एक दिवस भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाली, "मी चढते."

दादा हसला. मी नाही हसले, कारण मी तिचा चेहरा बघत होते. घाबरलेली होती ती. उंचीला नाही, लहानपणापासून ती झाडांवरच वाढलेली. तिला भीती होती ती करवतीची. दादाची ती करवत मागच्या खोलीत गोणपाटात गुंडाळून ठेवली होती, आणि वहिनी त्या कोपऱ्यात केरसुणीसुद्धा फिरवत नसे.

पुढचे काही महिने तिने हातकरवतीवर काढले. मेंदीची कुंपणं, फळझाडं, अंगणातली छोटी कामं. मनगटाएवढी फांदी कापायला एवढा वेळ लागायचा की खाली उभ्या घरमालकाची चुळबुळ सुरू व्हायची. हळूहळू तिचा खांदा धरला. कपडे वाळत घालताना हात वर जाईना. तेव्हा दादाच म्हणाला, "मशीन घ्यावंच लागेल." असं म्हणून तो उठून बाहेर गेला.

आम्ही तिघं अवजारांच्या दुकानात गेलो. दुकानदार काका बोलके आणि उत्साही होते. वहिनीकडे बघून त्यांनी आतून एक चकचकीत मशीन आणलं.

"ही घ्या ताई. फुलासारखी आहे. एका हाताने चालते."

वहिनीने पुढे केलेला हात मागे घेतला. "एका हाताने चालणारी नको."

"अहो, वरच्या मुठीच्या सगळ्याच तशा चालतात. तोच तर फायदा..." काकांची नजर दादाच्या हातावर गेली आणि त्यांनी मशीन खाली ठेवलं. दादा म्हणाला, "मी जरा बाहेर उभा राहतो." काचेतून त्याची पाठ दिसत राहिली.

काकांनी मग स्टूल ओढलं, वहिनीला बसायला दिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते, ते सांगा. त्यावरून बघू."

असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही घरच्यांनीही नाही. ती म्हणाली, "उसळेल, याची. दमून हात खाली येईल, याची. आणि मी वर असताना हे दोघं खालून काय ओरडतात ते ऐकू येणार नाही, याची."

तिथून पुढे जे चाललं, त्याला खरेदी म्हणायचं का, मला माहीत नाही. स्थळ बघतानासुद्धा लोक एवढी पारख करत नाहीत. माझ्यासाठी कुणी केली असती तर कदाचित माझं लग्न झालं असतं. वहिनीने घरून आणलेले हातमोजे घातले. पेट्रोलची करवत आधी रिकामी उचलली, मग म्हणाली, "टाकी भरून द्या." टाकी भरल्यावर तेच मशीन पुढे कलायला लागलं. दोन्ही हातांनी ते छातीसमोर धरलं, कमरेच्या बाजूला नेलं, डोक्याच्या वर नेऊन थांबली. तिचे दंड थरथरायला लागले तशी तिने ते खाली ठेवलं. लांब पट्टीचं मशीन तर तिने बाजूलाच सारलं. "लांब पट्टीचं टोक कुठं टेकलंय ते मला पानांत दिसायचं नाही."

काकांनी उसळीवरचा ब्रेक दाखवला. मुठीच्या पुढे एक पत्र्यासारखा दांडा असतो. करवत उसळली की तो मनगटाला लागून पुढे ढकलला जातो आणि चेन जागच्या जागी थांबते. वहिनीने तो मनगटाने पुन्हा पुन्हा ढकलून पाहिला. खट्. खट्. प्रत्येक आवाजाला तिच्या पापण्या मिटत होत्या.

शेवटी काकांनी बॅटरीवरची करवत काढली. लहान पट्टी, दोरी ओढून चालू करायची भानगड नाही, बटण सोडलं की आवाज बंद. वजन मागच्या बाजूला, त्यामुळे मनगटावर भार नाही. वहिनीने तीही दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेऊन धरून बघितली. मग म्हणाली, "ही."

दादा आत आला तो बॅटरी बघूनच बिथरला. "ही नको. पेट्रोलचं मशीन गुरगुरत असतं, जिवंत आहे ते कळतं. ही मुकी आहे. मुकं जनावर कधी चावेल सांगता येतं का?"

"अहो, पण मला तुमचा आवाज ऐकू यायला हवा."

"माझ्या आवाजाने काय होणारेय?"

"ते मी बघेन," वहिनी म्हणाली.

पहिलं मोठं काम आलं ते एका धुलाईघराचं. मागच्या अंगणात जुनं, भरघोस झाड होतं आणि त्याची एक जाड फांदी छपरावर आडवी आली होती. छपरात उजेडासाठी मोठी काच बसवलेली, आणि काचेखाली बायका इस्त्री करत होत्या. मालकीणबाईंनी त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं. वहिनी चढली. तिचा दोर माझ्याकडे. कापायच्या फांदीला बांधलेला दुसरा दोर दादाकडे, खोडाला वेढे देऊन. एका हाताने त्याला तेवढं जमायचं.

छोट्या फांद्या नीट उतरल्या. प्रत्येक कापानंतर वहिनी करवत बंद करायची, खाली बघायची आणि मान हलवायची. माझा श्वास जरा मोकळा झाला. मग वारा सुटला. फार नाही, पण पानांची सळसळ वाढली आणि वहिनी दिसेनाशी झाली. ती मोठ्या फांदीपाशी पोहोचली होती. आधी खालून थोडा काप द्यायचा, मग वरून, म्हणजे साल सोलून निघत नाही. खालचा काप झाल्याचं आम्हाला आवाजावरून कळलं. वरचा सुरू झाला. भुसा खाली येत होता.

आणि आवाज तुटला.

ती बटण सोडायची तेव्हा आवाज हळू होत थांबायचा. हा तसा नव्हता. मध्येच खट् झालं आणि सगळं शांत. दोराला एक हिसका बसला. भुशाचा शेवटचा पुंजका माझ्या हातावर पडला, आणि मी तो बघत राहिले, त्यात लाल काही आहे का ते.

"वहिनी!" मी ओरडले.

उत्तर नाही.

दादाने हाक मारली. काही नाही. अर्धी कापलेली फांदी वाऱ्याने करकरत होती. ज्या शांततेसाठी ती करवत घेतली होती, तीच आता आमच्या छातीवर बसली. चालू आहे की बंद, तिच्या हातात आहे की अंगात, काहीच कळेना. माझ्या मुठी दोरावर आवळल्या गेल्या. सोडता येईना, ओढायची हिंमत होईना.

दादाने फांदीचा दोर खोडाच्या खुंटाला घट्ट बांधला आणि झाडावर चढायला लागला. त्या हाताने! बोटं सालीवरून घसरत होती, तो कोपराने खोड कवटाळत होता, खाली येत होता, पुन्हा चढत होता. "दादा, उतर!" मी ओरडत होते. मला दोर सोडून त्याला धरता येत नव्हतं.

"वर येऊ नका." वरून आवाज आला. इतका बारीक, की मला आधी वाटलं मालकीणबाई बोलल्या.

दादा खोडाला मिठी मारून तसाच थांबला. "लागलंय का?"

"नाही."

"मग बोलत का नव्हतीस?"

"पानांत खुंट होता. दिसला नाही. करवत तोंडावर आली." मग ती म्हणाली, "अहो, माझे हात सुटत नाहीयेत."

तिच्या हातांनी करवत धरली होती आणि ते उघडायला तयार नव्हते. ब्रेक लागला होता. चेन थांबली होती, तिच्या हेल्मेटला चेहऱ्यापुढे असलेल्या जाळीपासून वीतभर अंतरावर. दोन्ही हातांनी धरली होती म्हणून तिथं थांबली. दादाने खोड सोडलं, खाली उतरला आणि जिथून तिचा एक बूट तेवढा दिसत होता तिथं जाऊन उभा राहिला.

"ऐक. मला शिव्या दे."

"काय?"

"पेट्रोलचं घे म्हणून तुझं डोकं खाल्लं ना मी? दे शिव्या."

 मग एक आली, साधी. मग दुसरी, जरा बरी. तिसरीला मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. तिच्या तोंडून तसलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि त्यातली एक तर दादाच्या बहिणीवरून होती, म्हणजे माझ्यावरूनच. मी रडत होते आणि हसत होते. शिव्या देता देता तिची बोटं सुटली.

"आता उतर," दादा म्हणाला.

"फांदी अर्धी आहे. काचेवर जाईल."

ते खरं होतं. खालच्या सगळ्यांना ते दिसत होतं. तशी सोडून उतरता येणार नव्हतं. तिने कमरेला लावलेल्या हातकरवतीने आधी तो खुंट काढला. मग करवत पुन्हा चालू झाली. त्या वेळचा तो भुणभुण आवाज मला आयुष्यात सगळ्यात भयंकर वाटला आणि सगळ्यात हवाहवासाही. फांदी करकरली, मोडली, दोरावर लोंबली, आणि दादाने ती काचेला शिवू न देता हळूहळू अंगणात घेतली.

खाली आल्यावर वहिनी धुलाईघराच्या नळापाशी गेली आणि उलटी केली. मालकीणबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दादा तिच्या मांड्यांभोवतीचे, दोर अडकवायचे पट्टे सोडत होता. एका हाताने त्याला बक्कल निघेना, पण त्याने मला हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "परत करून टाकू. काका घेतील."

वहिनी करवतीच्या चेनमधला भुसा ब्रशने काढत होती. "कशाला? थांबली की वेळेवर."

"पुढच्या वेळी?"

तिने ब्रश झटकला. "पुढच्या वेळी वारा असला तर चढणार नाही," एवढंच म्हणाली. "आणि कापायच्या आधी 'कापते' म्हणेन, झाल्यावर 'बंद' म्हणेन. मोठ्याने. तुमच्यासाठी."

ती अजून चढते. काचेवरची कामं घेत नाही, वाऱ्यात जात नाही, त्यामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. भीती कमी झाली का, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "नाही वन्सं. सकाळी पट्टा बांधताना पोटात गोळा येतो तो येतोच. तो आला नाही त्या दिवशी तुम्ही मला वर सोडू नका."

दादाला अजूनही वर बघवत नाही. झाडाकडे पाठ करून, चांगल्या हातात दोर धरून तो उभा असतो. वरून "कापते" ऐकू आलं की डोळे मिटतो. मी मात्र वरच बघत असते. आमच्यातल्या कुणीतरी बघायला हवंच.