पेज काय गव्हाची असते?

कुमुदताई नाडकर्णी यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते घाटकोपरच्या एका महिला मंडळात, ऐंशी सालच्या सुमाराला. फळ्यावर 'आहार आणि आरोग्य' असं खडूने लिहिलेलं होतं. गृहविज्ञानाची पदवी घेऊन मी नुकतीच बाहेर पडले होते आणि उष्मांकांचे सगळे तक्ते मला तोंडपाठ होते. खरं सांगायचं तर वक्त्या बाई कुठे चुकतात ते बघायलाच मी पुढच्या रांगेत बसले होते.

ताईंनी भाषण केलंच नाही. पित्ताने हैराण झालेल्या एका बाईंना त्यांनी उभं केलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात माणसं किती? नळाला पाणी किती वाजता येतं? पहिला डबा कोणाचा? झोप किती लागते? बाईंनी सांगितलं, पहाटे पाचला पाणी, पाचलाच चहा, मग तीन डबे, आणि स्वतःच्या पोटात पहिला घास जातो तो दुपारी एकला, तोही ओट्यापाशी उभ्याने. दहा मिनिटं झाली तरी काय खावं, काय टाळावं याचा पत्ता नव्हता. मग ताई म्हणाल्या, "पाणी भरून झालं की आधी खाली बसायचं. रात्रीची पोळी-भाकरी जे असेल त्याचे चार घास खायचे. मग डबे. एवढंच करा आणि पंधरा दिवसांनी मला येऊन सांगा."

"आणि पित्तावर औषध?" बाईंनी विचारलं.

"ते डॉक्टरांना विचारा. मी डॉक्टर नाही."

माझी निराशा झाली. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, तुम्ही एकही आकडा सांगितला नाहीत. त्यांना राग आला नाही. "तुला येतात ना आकडे? मग ये मुलुंडला. मला नाहीतरी शिकलेली कोणीतरी हवीच आहे," त्या म्हणाल्या. मी गेले ती अजून तिथेच आहे.

मुलुंडला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत ताईंचं आहार सल्ला केंद्र चालतं. त्या वेळी हा प्रकार कोणाला फारसा ठाऊक नव्हता. कोणी ताईंना वैदू समजे, कोणी स्वयंपाकाच्या वर्गाची बाई. एक गृहस्थ आपल्या सुनेला केक शिकवायला घेऊन आले होते आणि तो शिकवत नाहीत हे कळल्यावर बरेच रागावून गेले. म्हणून ताई काय करतात हे थोडक्यात सांगायला हवं. डॉक्टर रोगाचं नाव सांगतात आणि पथ्य पाळा म्हणतात. ते पथ्य त्या घरात, त्या स्टोव्हवर, त्या माणसाच्या कामाच्या पाळीत कसं बसवायचं, हे ठरवणं म्हणजे आमचं काम. माणूस काय खातो इतकंच तो कधी खातो, कोणाच्या हातचं खातो, झोपतो किती आणि कसली काळजी करत जेवतो, हेही ताई विचारतात. रांधणारी सोबत नसेल तर त्या सल्ला देत नाहीत. "खाणाऱ्याला सांगून काय होतंय? त्याला पुढ्यात येतं ते तो खातो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एका वेळी एकच बदल सांगायचा आणि औषधाला हात लावायचा नाही, हे दोन नियम त्यांनी कधी मोडलेले मी पाहिले नाहीत. गोळ्यांबद्दल शंका आली तर त्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहितात.

एकदा शक्तिवर्धक पावडरीच्या एका विक्रेत्याने केंद्रात डबे ठेवायला आणले. डबे दिसायला झकास होते आणि फुकट होते. ताईंनी ते तसेच परत पाठवले. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डबा हाताशी असला की मी माणसाचं ऐकायची बंद होईन गं. तोंड उघडलं की डबा देईन."

त्या काही मृदू स्वभावाच्या नाहीत. उशिरा येणाऱ्याला दारातूनच परत पाठवतात, आणि 'मी काहीच खात नाही तरी वजन वाढतं' म्हणणाऱ्याकडे अशा बघतात की तो आपणहून फरसाणाच्या पुडीपर्यंत येतो. पण माझे वडील आजारी होते तेव्हा सलग तीन आठवडे मऊ भाताचा डबा मुलुंडहून घाटकोपरला येत होता, आणि त्याबद्दल आभार मानलेले त्यांना चालले नव्हते.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला 'ताईंचं कार्य' हा विषय दिला आणि हळूच सुचवलं, की भांडुपचं प्रकरण वगळलंत तर बरं. ताईंच्या परिचितांपैकी पुष्कळांनी ते ऐकलेलं आहे. ताईंच्या सल्ल्यामुळे एक मधुमेही माणूस कामावर चक्कर येऊन पडला आणि ताईंनी लेखी चूक कबूल केली, असं ते सांगितलं जातं. साठीच्या सोहळ्यात असलं कशाला, ही मंडळींची भावना मला समजते. पण मला तेच लिहायचं आहे, कारण जसं सांगतात तसं ते घडलेलं नाही.

जेवणांची नावं विचारायची नाहीत, घड्याळ विचारायचं, अशी ताईंची पद्धत. 'उठल्यापासून सांगा, सहाला काय, आठला काय' असं त्या पुढे पुढे सरकत जातात. मला हे वेळखाऊ वाटे. मी एक तक्ता तयार केला आणि त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढून आणल्या. त्यात रकाने होते: नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. ताई म्हणाल्या, "कागद छान आहे. पण माणसं रकान्यांत खात नाहीत." तरी माझा उत्साह बघून त्यांनी नको म्हटलं नाही.

पाचेक वर्षांपूर्वी गुणाजी परब केंद्रात आले. मूळचे मालवणकडचे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्यांना भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर रखवालदारी मिळाली होती आणि कायम होण्याची ते वाट बघत होते. मधुमेहाची गोळी डॉक्टरांनी नुकतीच सुरू केली होती. ताई त्या दिवशी मनोरीला कोळणींच्या मंडळात गेल्या होत्या. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. परब एकटेच आले होते, पत्नी सोबत नव्हत्या. त्यांना परत पाठवायला हवं होतं. मी नाही पाठवलं. तक्ता पुढे ओढला आणि विचारलं, "नाश्त्याला काय घेता?"

"नाश्तो नाय आमच्यात," परब म्हणाले. "चाय घेतंय, बस. भात मातर दोन टायम."

मी नाश्त्याच्या रकान्यात काट मारली. चहा बिनसाखरेचा, भात बंद, दोन्ही वेळा भाकरी, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, केंद्राचा शिक्का उठवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. चार मिनिटांत काम झालं याचं मला समाधान वाटलं होतं.

चार दिवसांनी त्यांच्या पत्नी, शेवंतीबाई, तो कागद हातात घेऊन आल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

"ह्या कागदान माझो घोव गेलो असतो," त्या म्हणाल्या. "गेटार उभो होतो, घाम सुटलो आणि धाडकन पडलो. चायवाल्यान साखरेची चाय पाजल्यान म्हणान वाचलो. आता सायब म्हणता, असो पडणारो वॉचमन आमका नको."

"सकाळी काही खाल्लं नव्हतं का त्यांनी?" मी विचारलं.

"काय खातलो? पेज बंद केलंय ना मी!"

"पण पेज बंद करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच लिवलात ना, भात बंद? मग? पेज काय गव्हाची असता?"

कोकणातली माणसं हे वाचून हसतील. मी हसले नव्हते. त्या घरात सकाळी सातला मोठा वाडगाभर पेज, म्हणजे पाण्यासकट पातळ शिजवलेला भात, आणि लोणच्याची फोड हे वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. पण पेजेला नाश्ता कोणी म्हणत नाही. नाश्ता म्हणजे पोहे, उपमा, इराण्याकडचा ब्रुन पाव. पेज म्हणजे पेज. मी नाश्ता विचारला, परबांनी खरं तेच उत्तर दिलं. त्यामुळे गोळी पोटात जात होती आणि मागोमाग दुपारपर्यंत बिनसाखरेच्या चहाशिवाय काही जात नव्हतं, आणि रक्तातली साखर एकदम खाली उतरली होती. 'उठल्यापासून सांगा' एवढं विचारलं असतं तरी पेज पहिल्या मिनिटाला बाहेर आली असती.

ताई आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, कागद हातात घेऊन वाचला आणि शेवंतीबाईंना म्हणाल्या, "चूक झाली. माझी चूक झाली. परब आता कसे आहेत?" माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्याच दिवशी त्या परब दांपत्याला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या आणि गोळीची वेळ व मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही दोघी भांडुपला परबांच्या खोलीत होतो. ताईंनी पेज ओतलेली पाहिली, वाडगा हातात घेऊन पाहिला, तांदूळ किती घालता ते शेवंतीबाईंच्याच वाटीने मोजून दाखवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "पेज सोडायची नाही. तांदूळ निम्मे करा आणि बरोबर मूठभर मूग शिजवा. गोळी घेतली की पेज आलीच पाहिजे पुढ्यात." परबांच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी प्रथमच जीव आला, असं शेवंतीबाई म्हणाल्या.

नोकरीचं मात्र अजून बाकी होतं. ताईंनी कारखान्याच्या साहेबांना पत्र लिहिलं: परबांना आलेली चक्कर त्यांच्या हलगर्जीपणामुळे आलेली नाही, माझ्या केंद्राने दिलेल्या चुकीच्या तक्त्यामुळे आली आहे, जबाबदारी सर्वस्वी माझी. मी म्हटलं, "ताई, तक्ता मी लिहिलाय."

"दारावर पाटी कोणाची आहे?"

"तुमची."

"मग सही पण माझीच."

पत्राची हाताने लिहिलेली एक प्रत परबांना देऊन आणि मूळ पत्रासोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडून त्या स्वतः कारखान्यात गेल्या. परबांची नोकरी राहिली. पण ते पत्र कारखान्यात राहिलं नाही. त्याची बातमी मुलुंडपर्यंत आली आणि येता येता फुगली. आमच्याकडे माणसं पाठवणाऱ्या एका डॉक्टरांनी वर्षभर कोणालाही पाठवलं नाही. वाचनालयाच्या सभेत केंद्राची खोली काढून घेण्याचा विषय निघाला, आणि एका सभासदाने उभं राहून म्हटलं, की पदवी नसलेल्या बाईंनी लोकांच्या प्रकृतीशी खेळलं की असंच व्हायचं.

ताईंकडे पदवी नाही हे खरं आहे. त्या सभेत पदवी एकीजवळच होती, आणि ती तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती. मी बोलले नाही. खोली थोडक्यात वाचली, ताईंनी सर्वांचे आभार मानले आणि आम्ही घरी गेलो. त्या दिवसाची मला लाज वाटते, आजही वाटते.

पुढे एकदा धीर करून मी त्यांना विचारलं, माझं नाव का सांगितलं नाहीत? त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "अगं, तुझं नाव सांगितलं असतं तर तुझ्या हातात परत कोणी कागद दिला नसता. मला काय, लोक आधीपासूनच बिनपदवीची म्हणतात." मग माझ्यापुढे शेंगांचं ताट सरकवून म्हणाल्या, "आणि ते रकान्यांचे कागद मागच्या बाजूला कोरे आहेत. टाकू नकोस, चिठ्ठ्यांना होतील."

हे सगळं या ग्रंथात लिहिणार असं मी सांगितलं तेव्हा ताई उखडल्या. "साठी माझी, आणि मिरवणार तुझी चूक?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "लिहायचंच असेल तर आधी परबांना विचार. गोष्ट त्यांची आहे, तुझी-माझी नाही."

म्हणून गेल्या महिन्यात मी भांडुपला गेले. परब आता कायम झाले आहेत, साखर आटोक्यात आहे, ते कामावर होते. शेवंतीबाई घरी होत्या. लेखाला त्यांची काही हरकत नव्हती, परबांचीही नसेल म्हणाल्या. मग मी एका दमात सांगून टाकलं, की तो कागद ताईंचा नव्हता, माझा होता.

"माका तेवाच कळलां होतां," त्या शांतपणे म्हणाल्या. "कागदार अक्षर एक आणि सायबाच्या पत्रार दुसरां. आमच्या चेडवान दोनय वाचून दाखवल्यान." चेडू म्हणजे त्यांची मुलगी.

"मग बोलला का नाहीत?"

"ती बाई सगळां आपल्या डोक्यार घेता, तर मी मधी कित्याक बोलू? तुमचा तोंड बघलंय तेवा. म्हटलां, ह्यां पोर आता परत चुकूचा नाय."

म्हणजे ताईंनी मला झाकलं हे त्या घराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्यांनीही मला झाकलं. उजेडात एकट्या ताई उभ्या होत्या, त्या आजपर्यंत.

साठीनिमित्त ताईंना काय द्यावं, याचा मी बरेच दिवस विचार केला. त्या काही घेणार नाहीत हे त्यांना ओळखणाऱ्या सर्वांनाच माहीत आहे. म्हणून देण्याऐवजी मी त्यांच्याकडून एक गोष्ट परत घेते आहे. भांडुपची चूक कुमुदताई नाडकर्णींची नव्हती. ती मी केली. यापुढे कोणी ती सांगितली तर माझ्या नावाने सांगावी. ताईंनी भरपूर जगावं, हातीपायी धड राहावं, आणि दुसऱ्याचं काही न वाहता जगावं, एवढीच माझी इच्छा आहे. शेवटचं त्या ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.