नानांना चिकटलेला इंग्रजी शब्द

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, धुळ्याच्या कोर्टात दुभाषी होते. न्यायाधीश इंग्रज, साक्षीदार खेड्यातले. एकाचं दुसऱ्याला कळावं म्हणून मध्ये नाना उभे. त्यांच्या आईची बोली अहिराणी होती, त्यामुळे सोनगीरकडचा एखादा म्हातारा साक्षीला आला, की वकीलसुद्धा नानांच्या तोंडाकडे बघत. या कामाचा त्यांना अभिमान होता.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. एक दिवस ते कोर्टातून दुपारीच घरी आले. पगडी काढून ठेवली आणि फळीवरचा जाडजूड इंग्रजी कोश खाली घेतला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"बरं नाही का?"

"साहेबानं आज भर कोर्टात मला उद्देशून एक शब्द वापरला. डुप्लिसिटी."

"म्हणजे काय?"

"दुटप्पीपणा. लबाडी." कोशात बोट ठेवून ते म्हणाले, "मूळ शब्द लॅटिन आहे. दोन, आणि घडी. दोन घड्या घातलेलं, एवढाच त्याचा अर्थ."

आई दोरीवरून काढलेलं नानांचंच उपरणं दुमडत होती. ती म्हणाली, "मग यात वाईट काय आहे?"

"वरची घडी दिसते, आतली दिसत नाही. वाईट ते तिथं आहे." त्यांनी कोश मिटला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

काय घडलं होतं ते मला पुष्कळ पुढे कळलं. सोनगीरजवळच्या एका गावात चाऱ्याची गंजी पेटवल्याचा खटला होता. आरोपी बावीस-तेवीस वर्षांचा तरुण. त्याची विधवा आई बचावाच्या बाजूने साक्षीला उभी होती. गंजी पेटली तेव्हा, दिवेलागणीला, मुलगा कुठे होता, असं वकिलाने विचारलं. ती म्हणाली, "घरमाच व्हता. बैलस्ले पानी पाजाले गयथा, पन लगेच उना."

नानांनी साहेबाला इंग्रजीत एवढंच सांगितलं, की मुलगा घरीच होता.

बैलांना पाणी पाजायला गेला होता पण लगेच आला, हे त्यांनी गाळलं. त्यांना वाटलं, या एका वाक्याने पोरगा अडकेल. पण साहेब दोन वर्षं मुन्शी ठेवून मराठी शिकत होता. 'बैल' आणि 'पानी' त्याच्या कानांनी बरोबर टिपलं. त्याने सरकारी वकिलाला पुन्हा विचारायला लावलं, आणि बाई साधेपणाने सगळं पुन्हा बोलली. मग साहेबाने पेन खाली ठेवलं आणि नानांकडे बघून तो शब्द उच्चारला.

मुलाला शिक्षा झाली. निकालात साहेबाने म्हटलं, की मुलगा घराबाहेर गेल्याची गोष्ट कोर्टापासून लपवण्याचा प्रयत्न झाला, त्यावरून बचाव रचलेला दिसतो.

निकालानंतर ती बाई आमच्या घरी आली. पदरात भुईमुगाच्या शेंगा होत्या. ओट्यावर शेंगा ओतून नानांना म्हणाली, "मना पोरगासाठे तुम्ही करं, भाऊ. माले माहीत शे." पोरासाठी नानांना साहेबाचं बोलणं खावं लागलं, एवढंच तिला कळलं होतं. नाना दारात उभे होते. त्यांनी तिला बसा म्हटलं नाही, काही सांगितलंही नाही. आईनेच तिला चहा दिला.

पुढे नानांना साक्षींच्या कामावरून काढून कोर्टाच्या कागदांच्या नकला करायला बसवलं. त्यांनी राजीनामा दिला आणि आम्ही जळगावला आलो. तिथे एका शाळेत ते इंग्रजी शिकवू लागले. चांगलं शिकवत, पण घरातलं अहिराणी बोलणं बंद झालं. माझी आत्या आली, की ती अहिराणीत बोलायची आणि नाना पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. ती हिरमुसून जायची.

माझं लग्न होऊन मी धुळ्यात नांदत होते, तेव्हा नाना एकदा अचानक आले. "माझ्याबरोबर सोनगीरकडे चल," म्हणाले. मोटारीत त्यांनी मला खटल्याची सगळी हकिगत सांगितली. तो मुलगा सुटून आल्याचं त्यांना कळलं होतं. "त्या बाईला खरं सांगायचंय," म्हणाले.

घर सापडलं. अंगणात तो मुलगा, आता चांगला बाप्या झालेला, बैलाचं दावं वळत बसला होता. त्याने नानांना ओळखलं. आईची चौकशी केली तेव्हा म्हणाला, "माय गेल्या साली वारली."

नाना खाली ओट्यावर बसले. त्यानेच पुढे बोलायला सुरुवात केली. तिने नको ते बोलून आपल्याला तुरुंगात घातलं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. 'घरमाच व्हता' म्हणून ती थांबली असती तर? तुरुंगात ती भेटायला यायची, तेव्हा तो तोंड फिरवायचा. सुटून आल्यावर एका घरात राहून तिच्याशी बोलला नव्हता. ती वाढायची, तो जेवायचा.

"तुझी आई खरं बोलली," नाना म्हणाले. "तिच्या बोलण्यात साहेबाला काही वावगं दिसलं नसतं. मी ते लपवलं, म्हणून त्याला संशय आला. तुला इंग्रजी कळत नव्हतं, तुला कसं समजणार?"

त्याचे हात थांबले. त्याने दावं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "हाई तुम्ही तिले सांगाले पाहिजे व्हतं. माले सांगाले पाहिजे व्हतं."

"हो," नाना म्हणाले.

त्याने आत जाऊन आम्हाला पाणी आणून दिलं. आम्ही प्यालो. नंतर त्याने दावं खांद्यावर टाकलं आणि शेताकडे निघून गेला.

आम्ही मोटारीची वाट बघत सडकेवर उभे राहिलो. नाना म्हणाले, "ती शेंगा घेऊन आली होती, तेव्हा सांगता आलं असतं." मी त्यांचा हात धरला. त्यांचं म्हणणं खरंच होतं.