मिस्तरींचा कान

आमचे मिस्तरी गाडी बघत नसत. गाडी दारात आली की ते आधी तिच्याकडे पाठ करायचे. नवीन गिऱ्हाईक गोंधळून जाई. आपलं काही चुकलं की यांना आज काम नको आहे, तेच त्याला कळत नसे. मिस्तरी पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहत आणि म्हणत, "करा चालू." मिनिटभर ऐकलं की वळत आणि दुखणं सांगत. बघितलं की गाडीवरची धूळ दिसते, मालकाचा चेहरा दिसतो आणि मग माणूस भलतंच ऐकायला लागतो, असं त्यांचं मत होतं.

त्यांचं गॅरेज नारायणगावहून निमगाव सावाकडे जाताना रस्त्याला लागून होतं. पुढे गॅरेज, मागे घर आणि दोन्हींच्या मधे काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, चहा. एकदा तिथे एक बागायतदार आपली जड मोटरसायकल घेऊन आले. इंजिनात खडखड येते, ते खोलाच, असा त्यांचा हट्ट. इंटरनेटवर बघून त्यांनी निदानही करून आणलं होतं आणि ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. मिस्तरींनी भिंतीकडे बघत सगळं ऐकून घेतलं. मग किल्लीला लावलेला जुडगा तेवढा काढून पुन्हा चालू करायला सांगितलं. जुडग्यात घराच्या, गोठ्याच्या, मोटारीच्या मिळून डझनभर किल्ल्या होत्या आणि त्या हेडलाइटच्या पत्र्यावर आपटत होत्या. खडखड थांबली. बागायतदार चहासुद्धा न घेता गेले, आणि मिस्तरींना दिवसभर हसू आवरेना.

मी गुरांची डॉक्टर. घर निरगुडसरचं, पण कामासाठी तिथला आणि इथला असे दोन्ही तालुके पालथे घालते. कामाला स्कूटर आहे. हौसेला म्हणून मी पुण्याहून एक जुनी परदेशी मोटरसायकल आणली, तिला दोन सिलिंडर. एक पुढे कललेला, एक मागे, बाजूने बघितलं तर इंग्रजी व्ही. आईच्या मते ही हौस नसून लग्न टाळण्याचा खर्चिक उपाय होता. गाडी सहा महिन्यांत आजारी पडली आणि तीन गॅरेजवाल्यांनी तिला हात लावायला नकार दिला. चौथे मिस्तरी. त्यांनी पाठ केली, ऐकलं आणि वळले तेव्हा चेहरा असा खुलला होता, की मला तिथेच हायसं वाटलं. म्हणाले, "दोघं भाऊ हायेत, ताई. लई गुणाचे. पण उपाशी हायेत बिचारे."

तेव्हापासून आमचं जमलं. गाडी बिघडली, खराब झाली, असं ते कधी म्हणत नसत; गाडी उपाशी असे, नाराज असे, फार तर रुसलेली असे. माझ्या धंद्याबद्दल त्यांना भारी कुतूहल. गायीच्या पोटाचं काय ऐकता, कुठे कान लावता, पोट फुगलं की आवाज कसा बदलतो, सगळं विचारायचे. एकदा मी माझा स्टेथोस्कोप त्यांना इंजिनाला लावायला दिला. त्यांनी दोन मिनिटांत परत केला. म्हणाले, "इतक्या जवळून भिंत ऐकू येती. घर नाय येत."

मात्र एका गोष्टीत ते फार कडक होते. इंजिन खोललं की त्याचा एकेक भाग निघेल त्या क्रमाने पोत्यावर मांडला जाई आणि त्या पोत्याला कुणी शिवायचं नाही. मांजर वरून गेलं तरी ते ओरडायचे. काकूंनी तीस वर्षांत त्या पोत्यांवरून केरसुणीसुद्धा फिरवली नव्हती.

माझी गाडी दुसऱ्यांदा खोलली तेव्हा नवरात्र होतं. सुटे भाग मिळेनात म्हणून मिस्तरींनी पुण्याच्या भंगारातून त्याच गाडीचं, पण आधीच्या सालचं एक मोडकं इंजिन आणलं होतं. एका पोत्यावर माझं इंजिन, दुसऱ्यावर ते जुनं. दोन्हींत दोन-दोन कॅमशाफ्ट, एक पुढच्या सिलिंडरचा, एक मागचा. कॅमशाफ्ट म्हणजे अंगावर उंचवटे असलेला दांडा. तो फिरला की उंचवटे झडपा ढकलतात आणि सिलिंडर श्वास घेतो. जुन्या सालच्या दांड्याचे उंचवटे किंचित जास्त उंच, नखभरसुद्धा नाही. पुढचा कुठला, मागचा कुठला, एवढं टोकावरच्या खुणेवरून कळे; बाकी नुसत्या डोळ्यांना चारही सारखेच दिसत.

खंडेनवमीला गॅरेजातली सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडायची त्यांच्याकडे रीत होती. खोललेली इंजिनंही त्यातून सुटायची नाहीत. त्या दिवशी मीही गेले होते. पान्यांची कमान, मधे माझे पिस्टन, प्रत्येकाला हळदीकुंकू, झेंडूची माळ. मांडणी काकूंची आणि ती इतकी देखणी होती, की मी मोबाइलवर फोटो काढून चार जणांना पाठवला. पूजा झाल्यावर काकूंनीच सगळं उचलून पोत्यांवर परत ठेवलं. वर्षातून या एकाच दिवशी त्यांना ती परवानगी होती.

दसऱ्यानंतर गाडी जोडून झाली. मला बोलावणं आलं. मिस्तरींनी पाठ केली, मी गाडी चालू केली. ते बराच वेळ वळलेच नाहीत. मग म्हणाले, "पुढचा ह्याच घरचा हाये. मागचा पाहुण्याकडं वाढलाय."

मला ते विनोदी वाटलं. गाडी चालत होती, जराशी धसमुसळी, पण चालत होती. त्यांना मात्र चैन पडेना. कार्बोरेटर साफ केले, प्लग बदलले, झडपांची फट तपासली, खुणा जुळवून बघितल्या. सगळं जागच्या जागी. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी गेले तर ते बाजेवर बसून होते, हात स्वच्छ धुतलेले. इतके स्वच्छ हात मी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

तेव्हा त्यांनी मला सांगितलं. उजव्या कानाने वर्षभर कमी ऐकू येत होतं. नारायणगावच्या डॉक्टरांनी तपासून, हा कान हळूहळू जाणार, असं सांगितलं होतं. घरात फक्त काकूंना माहीत. मुलगा भोसरीला राहायला बोलावत होता आणि ते टाळत होते. आता टाळायचं कारण उरलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

"पोतं खोटं बोलत नाय," ते म्हणाले. "म्हंजे कान खोटं बोलाय लागला. खोट्या कानानं लोकांच्या गाड्या कशा खोलू? दिवाळीला शटर लावतो."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन, पण मला फार वाईट वाटलं होतं. ज्या माणसाच्या ऐकण्यावर अर्धा तालुका चालतो, त्याला स्वतःच्याच ऐकण्याची शरम वाटावी, हे बघवत नव्हतं. काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप खाली न ठेवता त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मागचा पाहुण्याकडं वाढलाय म्हणता, ते त्या दांड्यांमुळं तर नसंल?"

कुठले दांडे, असं मिस्तरींनी विचारलं.

"पूजेतले. चार व्हते. दोन घासल्यावर उजळले, दोन काळेच ऱ्हायले. मी उजळ दोन एका जोडीला मांडले. शोभंल म्हणून. मग जोडी मोडू नये, म्हणून तसेच एका पोत्यावर ठिवले."

मी मोबाइल काढून फोटो मोठा केला. झेंडूच्या माळेखाली दोन चकचकीत दांडे शेजारी शेजारी होते. एकाच्या टोकाला पुढची खूण, दुसऱ्याच्या मागची; मिस्तरींचा कान खरा असेल, तर पुढचा माझ्या इंजिनाचा आणि मागचा जुन्याचा. पुढचा एक आणि मागचा एक अशी जोडी पुरी असल्यामुळे मिस्तरींना शंका यायला जागाच नव्हती.

मला वाटलं, आता काकूंची धडगत नाही. मिस्तरी उठले, त्याच स्वच्छ हातांनी इंजिन उघडलं आणि मागचा दांडा काढून मापाला लावला. उंचवटा जास्त भरला. त्यांनी पुन्हा मोजला. मग खाली फरशीवर बसले आणि डोळे पुसत हसायला लागले. काकूंना म्हणाले, "अगं, बरोबर ऐकलं व्हतं मी." हे एकच वाक्य त्यांनी तीन-चार वेळा म्हटलं. त्या संध्याकाळी निमगावात त्यांनी वीस-पंचवीस जणांना भेळ खाऊ घातली आणि प्रत्येकाला बायकोची चूक अशी कौतुकाने सांगितली, की काकू आठवडाभर बाहेर पडल्या नाहीत.

शटर लागलं नाही. कान मात्र जायचा तसा गेला, पुढच्या तीन वर्षांत दोन्ही. कानाला यंत्र लावल्यावर माणसांचं बोलणं कळायचं, पण इंजिनाचा नुसता गोंगाट यायचा. अशाच एका सकाळी मी गाडी घेऊन गेले, तर म्हणाले, आता खरंच बंद करतो. आवाजात कुरकुर नव्हती. गाडी चालू करायला लावली आणि विचारलं, "कशी बोलती?"

छान बोलते, असं मी सांगितलं.

"ताई, गाय मरायला टेकली तर मालकाला छान हाये म्हणता का? नीट ऐका."

मी डोळे मिटून ऐकलं. त्यांच्यासमोर ऐकायची लाज वाटत होती, पण ऐकलं. मागच्या सिलिंडरमध्ये वरच्या अंगाला बारीक टिकटिक होती, आणि गाडी तापेल तशी ती कमी होत होती. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, इंजिन गार होईपर्यंत मला पोहे खायला लावले, मग झडपेची फट अर्ध्या तासात जुळवली आणि पुन्हा विचारलं. टिकटिक गेली होती. काकूंनी आतून विचारलं, कुलूप कुठलं लावायचं. ते म्हणाले, उद्या बघू.

पुढची दीड वर्षं दुकान गिऱ्हाइकांच्या कानांवर चाललं. मिस्तरी ज्याला त्याला स्वतःची गाडी ऐकायला लावत आणि नीट उत्तर येईपर्यंत पान्याला हात लावत नसत. झोपेतच गेले ते. काकू आता भोसरीला असतात.

परवा मागचा सिलिंडर जरा वेगळं बोलायला लागला. चाकणच्या एका मोठ्या गॅरेजात गाडी नेली. तिथल्या मुलाने वायरी जोडल्या, पडद्यावरचे आकडे बघितले आणि गाडी एकदम ठीक आहे, असं सांगितलं. मी पुन्हा एकदा ऐकलं. मग त्याला म्हटलं, खोला.