ग्राइंडरला एक चक्कर

शप्पथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, बरंचसं. अंबरनाथला मिक्सर-इस्त्री रिपेअरिंगचं दुकान टाकून बसलं, की वस्तू दुरुस्त होऊन घरी जातात आणि किस्से मात्र फळीवर साठत जातात. एका कॉफी ग्राइंडरने तर आमची अख्खी फळी अडवली. फळीवरच्या मालावर धूळ बसणारच. मी ती पुसून, जरा पॉलिश मारून देतोय, एवढंच!

* * *

ग्राइंडर सुब्बूमामांचा. मामा फॅक्टरीतून रिटायर होऊन बदलापूरला राहायला गेलेले. मूळचे मद्रासकडचे, पण मराठी आमच्यापेक्षा फाडफाड. बिया घरी भाजायच्या, रोज सकाळी ताज्या दळायच्या, तीच कॉफी. बाकी सगळं गरम पाणी!

पहिल्यांदा आले ते चिडूनच. "बटण दाबतो, ढिम्म हलत नाही!"

माझा पार्टनर कांबळे. त्याने नुसतं झाकण उचलून पाहिलं. झाकण नीट बसलं की त्याची दांडी आतली पिन दाबते, तेव्हाच मोटर फिरते. त्या पिनेच्या भोकात कॉफीचा तेलकट चिखल साचलेला. कांबळेने जुन्या टूथब्रशने तो काढला. घुर्रर्र!

मामा नाराज. "स्क्रू नाही काढलास, वायर नाही उघडलीस. ही काय रिपेअरी?"

"मामा, मी दात घासून दिलेत," कांबळे शांतपणे म्हणाला. "उद्यापासून तुम्ही घासायचे."

* * *

दुसऱ्या खेपेला मशीन ठणठणीत, कॉफी आजारी! मामींनी शेजारच्या वहिनींना त्यात धणे-मिरी दळून दिली होती.

"कॉफी पितोय की रस्सम, कळेना रे!"

कांबळेने मूठभर तांदूळ टाकून फिरवला. सगळा वास तांदळाने घेतला. तो भरडा मामांनी पुडीत बांधून घरी नेला, आणि मामींनी तो फेकला नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला डब्यातून पायसम आलं! कांबळेने दोन वाट्या खाल्ल्या आणि विचारलं, "बेस्ट. पण हे होतं काय?"

डब्याबरोबर मामींचा निरोपही होता. 'हे डबडं पुन्हा दुकानात गेलं तर परस्पर भंगारात. मग घरात बाजारची इन्स्टंट पावडर!'

निरोप सांगताना मामांचा चेहरा उतरला होता. "त्यापेक्षा मलाच भंगारात दे म्हणावं."

* * *

आणि नेमका तेव्हाच ग्राइंडर दळता दळता बंद पडायला लागला. मामा पिशवीत कोथिंबिरीखाली लपवून रिक्षाने आणायचे. आम्ही प्लग लावला की घुर्रर्र! घरी नेला की दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

शेवटी कांबळेने विचारलं, "मामा, बटण किती वेळ दाबून धरता?"

"पीठ होईपर्यंत!"

"तिथेच घोळ आहे. मोटर तापली की आतला कटआउट तिला बंद करतो. गार झाली की चालू. बदलापूरहून इथे येईपर्यंत ती गार होते. थांबत थांबत दळा."

मामांनी विचार केला. "म्हणजे रिक्षात बरा होतो."

"तसंच म्हणा."

"मग दुकानात यायची गरजच नाही!"

* * *

तेव्हापासून ग्राइंडर रुसला की मामा पिशवी घेऊन नेहमीच्या रिक्षावाल्याच्या, संतोषच्या रिक्षात. स्टेशनपर्यंत चक्कर, परत घरी, घुर्रर्र!

मी म्हटलं, "अहो, ओट्यावर ठेवला तरी गार होईल."

"ओट्यापाशी मामी असते!"

मामींनी एकदा पकडलंच. मामा शांतपणे म्हणाले, "दुकानात कुठे नेला? फिरवून आणला." खोटं तर बोलले नव्हते. मामींना पटलं!

* * *

मग एक दिवस चक्कर मारूनही चालेना. मामा तसेच दुकानात आले. "गेला रे. आता पावडर." एवढंच बोलून स्टुलावर बसले.

मोटरला करंट पोचवणारा कार्बन ब्रश झिजलेला. एवढा बारीक मिळेना, म्हणून उल्हासनगरला लच्छूशेठकडे गेलो. त्यांनी मिक्सरचा पुढे केला.

"शेठ, ये तो बडा है."

"बडा है तो घिसो ना, साईं! छोटा घिसके बडा होता है क्या?"

पॉलिश पेपरवर घासून बसवला. मामा ग्राइंडर छातीशी धरून घरी गेले, आणि मामींना म्हणाले, "आज जरा लांबची चक्कर लागली."

आठवड्याने संतोष दुकानात. हातात इस्त्री.

"मामींनी दिली. बोलल्या, ग्राइंडरला मारतोस तशी हिला पण चक्कर मार."

"मग?"

"मारली ना! स्टेशन, बाजार, गाव. तरी गरम होत नाय. आता तुम्ही करा, पण मामींना बोलू नका हां. माझं नाव खराब होईल!"

या सगळ्यात माझ्या पदरचा आहे तो फक्त कार्बन ब्रश. लच्छूशेठ तसं बोलले होते, पण दुसऱ्याच कुणाच्या मशीनबद्दल. त्या दिवशी मामांचा ग्राइंडर मी उघडलाच नव्हता. पिशवीतून काढला, कोथिंबीर झटकली, प्लग लावला.

घुर्रर्र!