थोरल्या दिरांची बिनखोडीची मोटार

अख्ख्या हिंगोली मुलखात माणसांपेक्षा मोटारीशी जास्त बोलणारा माणूस एकच होता, आणि ते माझे थोरले दीर. निजामी अमदानीतली गोष्ट. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत होती. दुसऱ्या घरांत अशा वेळी लेकराला किंवा भिंतीला ऐकवून काम भागवत. आमच्याकडे लेकरू नव्हतं, मोटार होती. अंगणात तिच्यावरून फडकं फिरवत दीर म्हणायचे, "मोटारबाई, आज वरणात मीठ पडलंच न्हाई बरं का." मी दाराआडून मीठ पुढे सरकवायची. सहा वर्षं आमचं सगळं बोलणं मोटारीमार्फत झालं, आणि तिनं एक शब्द कधी इकडचा तिकडे केला नाही.

मोटार त्यांनी जुनीच घेतली होती आणि सेनगाव-हिंगोली भाड्यानं चालवून आणखी जुनी केली होती. जन्म बैलांत गेलेला, म्हणून मोटारीलाही नियम बैलांचेच. चढ लागला की उतारूंनी उतरायचं, दुपारी लिंबाखाली विसावा घ्यायचा. पोळ्याला तिच्यापुढे पुरणपोळी ठेवत. कावळ्यानं ती नेली की आम्हाला ऐकू जाईल असं म्हणत, "खाल्ली बघा!"

पुढे त्यांची नजर मंदावली. रस्त्यातली म्हैस अगदी अंगावर आल्यावर दिसू लागली, तेव्हा त्यांनी मोटार विकायचं ठरवलं. एक व्यापारी आहे तशी घ्यायला तयार होता. पण दीर म्हणाले, "फाटक्या लुगड्यात लेक सासरी धाडत असतेत का?" हिंगोलीहून मिस्त्री आला. दोन महिने इंजिन ओसरीवर आणि आम्ही अंगणात. त्या सालची सगळी कपाशी त्या इंजिनाच्या पोटात गेली. मग मोटार अशी झाली की हाक मारावी आणि तिनं ओ द्यावी.

तिला घेऊन ते कळमनुरीच्या बैलबाजारात उभे राहिले. शेतकऱ्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"मालक, खोड काय हिला?"

"काईच न्हाई."

"मंग इकून काहून राहिले?"

आपली नजर गेली हे चारचौघांत सांगायला दिरांची जीभ रेटेना. बाजारानं जे ओळखायचं ते ओळखलं. एक म्हातारा तर म्हणाला, "इतकी गरीब उभी हाय, म्हंजे नक्की लाथ मारत असंल!" तीन बाजार झाले, मोटार तिन्ही वेळा घरी परत आली. गाव हसलं. मीही पदराआड हसले, खोटं कशाला सांगू?

चौथ्या बाजाराच्या आधी माझे दिवस भरले. सकाळपासून कळा येत होत्या, आणि ऐन दुपारी सुईणीनं हात टेकले. मूल आडवं होतं. बैलगाडीनं हिंगोली गाठायची तर संध्याकाळ झाली असती. दिरांनी मोटार दाराशी आणली. आमचे हे शेजारी बसून "डावीकडं खड्डा! पुढं गाय!" असं ओरडत होते आणि दीर चालवत होते. पूर्वी हिंगोलीपर्यंत तीनदा रुसणारी ती बाई त्या दिवशी एकदाही थांबली नाही. नाल्यात आपटून स्प्रिंग तुटली, बाभळीला घासून एक दिवा गेला, तरी धावत राहिली. आणि दीर सारखे म्हणत होते, "मोटारबाई, तिला सांग, भिऊ नको. आलंच हिंगोली." मला वेदनांत दुसरं काही ऐकू येत नव्हतं, तेवढं येत होतं.

डॉक्टर म्हणाले, घटकाभर उशीर झाला असता तर मायलेकी दोघी गेल्या असत्या.

महिन्याभरानंतरच्या बाजारी तुटक्या स्प्रिंगची, एका डोळ्याची ती मोटार उभी राहताच विकली गेली. "आता खोड दिसून राहिली, फसगत न्हाई," म्हणत गिऱ्हाइकानं व्यापाऱ्यानं आधी सांगितला होता तेवढाच भाव दिला. दुरुस्तीचा पैसा पाण्यात गेला, असं अजूनही गावात सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर सवयीनं फडकं घेऊन अंगणात आले. अंगण रिकामं होतं. मी लेकीला घेऊन दारात आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई, तिला सांग, दुरुस्ती वसूल झाली."

लेक महिन्याची. ती काय निरोप सांगणार? मी पदर सावरला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले.

"व्हय, दादा."